वेब कॉन्फरन्समध्ये पहिला टॉक द्यायचा आहे: विषय कोणता निवडावा आणि प्रस्ताव कसा लिहावा?

प्रश्न: कोल्हापूरचा_फ्रंटएंड

सर्वांना नमस्कार. कोल्हापुरातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी फ्रंटएंडचे, म्हणजे वेबसाइटच्या वापरणाऱ्याला दिसणाऱ्या भागाचे काम करतो. आमचे ग्राहक प्रामुख्याने सहकारी पतसंस्था आणि शिक्षणसंस्था असल्यामुळे आम्ही केलेल्या वेबसाइटवरचे अर्ज लोक मराठीतून भरतात, आणि त्यातून उद्भवणाऱ्या अडचणी सोडवण्यात माझा बराच वेळ जातो. नावाच्या रकान्यात केवळ अक्षरेच असावीत अशी तपासणी लावली की जवळजवळ सगळी मराठी नावे नाकारली जातात, कारण यूनिकोडमध्ये (सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात) काना, वेलांटी, उकार आणि हलन्त यांचा समावेश अक्षरांच्या वर्गात नाही, चिन्हांच्या वर्गात आहे. ‘श्रीकृष्ण’ हे नाव वाचणाऱ्याच्या दृष्टीने तीन अक्षरांचे असले तरी जावास्क्रिप्ट ही वेबपृष्ठांची प्रोग्रामिंग भाषा त्याची लांबी नऊ सांगते, त्यामुळे रकान्याला घातलेली मर्यादा अपेक्षेपेक्षा फार लवकर संपते. गावाच्या नावाने सभासद शोधताना ‘कऱ्हाड’ काही वेळा सापडते आणि काही वेळा सापडत नाही. अशा बऱ्याच गोष्टींची कारणे आणि उपाय मी टिपून ठेवले आहेत.

यावर एखाद्या कॉन्फरन्समध्ये टॉक द्यावा, असे माझे सहकारी सुचवत आहेत. पुण्यातील मीटअपना मी श्रोता म्हणून गेलो आहे, पण मंचावरून कधी बोललेलो नाही. गोव्यातील रिअ‍ॅक्ट इंडियासारख्या कॉन्फरन्सचे कार्यक्रम पाहिले की तिथे नव्या फ्रेमवर्कवर आणि मोठ्या कंपन्यांच्या अनुभवांवर भर दिसतो, म्हणून माझा विषय तिथे बसेल का, अशी शंका येते. माझे लेखी इंग्रजी बरे आहे, मात्र सलग अर्धा तास इंग्रजीतून बोलण्याची सवय नाही. शिवाय प्रवास आणि राहण्याचा खर्च कोण करतो, आणि सगळे टॉक नंतर यूट्यूबवर येत असताना प्रत्यक्ष जाण्याने काय मिळते, हेही समजून घ्यायचे आहे. ज्यांनी प्रस्ताव पाठवले आहेत किंवा निवडले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: पुणे_संयोजक

मी स्वयंसेवक म्हणून निवड समितीत काम करतो, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने काय दिसते ते सांगतो. तुमचा विषय बसेल का, ही शंका मनातून काढून टाका. आमच्याकडे येणाऱ्या प्रस्तावांत एखाद्या लायब्ररीची (तयार कोडच्या संचाची) ओळख करून देणारे प्रस्ताव इतके असतात की त्यांतून एक निवडणे अवघड जाते, आणि तीच माहिती त्या लायब्ररीच्या दस्तऐवजात अधिक चांगल्या रीतीने दिलेली असते. प्रत्यक्ष वापरातील अडचण कशी सापडली, तिचे मूळ कुठे होते, कोणते उपाय अपुरे ठरले आणि शेवटी काय टिकले, हे सांगणारे प्रस्ताव मोजके असतात आणि समितीचे लक्ष त्यांच्याकडेच जाते. पतसंस्थेच्या अर्जावर काम करणाऱ्या माणसाला जे माहीत आहे, ते मोठ्या कंपनीतील माणसाला माहीत असेलच असे नाही, आणि भारतीय भाषांतून फॉर्म चालवण्याची गरज तर सभागृहातील बऱ्याच जणांना आज ना उद्या पडणारच आहे.

अडचण दुसरीकडे आहे. तुम्ही एका परिच्छेदात तीन विषय सांगितले आहेत, आणि टॉकला मिळणारा वेळ बहुधा पंचवीस ते चाळीस मिनिटांचा असतो. ‘देवनागरी आणि वेब’ असे शीर्षक पाहिले की समितीला वाटते की हा माणूस यूनिकोडच्या इतिहासापासून सुरुवात करणार आणि मुद्द्यावर येण्याआधी वेळ संपणार. म्हणून एकच प्रश्न घ्या. माझे मत विचाराल तर ‘कऱ्हाड’ घ्या, कारण त्यात उलगडत जाणारी एक साखळी आहे. त्यातला ‘ऱ’ हा एकच कोडपॉइंट (यूनिकोडमधील एक क्रमांक) म्हणून लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि त्यानंतर नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा दोन कोडपॉइंटनीही लिहिता येतो. हे दोन प्रकार यूनिकोडच्या नियमाने समतुल्य असल्यामुळे जावास्क्रिप्टमधील नॉर्मलाइझ ही पद्धत वापरली की ते एक होतात, आणि येथे बहुतेक जण प्रश्न सुटला असे समजून थांबतात. परंतु काही कीबोर्ड ‘कऱ्हाड’मधला अर्धा ‘ऱ्’ हा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (पडद्यावर न दिसणारे, अक्षरांची जोडणी ठरवणारे चिन्ह) असा लिहितात. हा तिसरा प्रकार पडद्यावर हुबेहूब तसाच दिसतो, तरी यूनिकोडच्या दृष्टीने समतुल्य नाही, म्हणून नॉर्मलाइझ केल्यावरही शोध फसतोच. श्रोत्याला आधी अडचण दिसते, मग उपाय दिसतो, मग तो उपाय अपुरा असल्याचे दिसते आणि त्यानंतर तुमचा खरा उपाय येतो. टॉकची रचना तुम्हाला वेगळी शोधावी लागणार नाही, ती या माहितीतच आहे.

प्रस्तावाला सहसा दोन भाग असतात. पहिला सारांश श्रोत्यांसाठी असून तो कार्यक्रमपत्रिकेत छापला जातो, आणि दुसरा तपशील फक्त समितीसाठी असतो. नवखे लोक दुसरा भाग रिकामा ठेवतात किंवा पहिल्याचीच पुनरावृत्ती करतात, आणि तिथेच प्रस्ताव मागे पडतो. त्या भागात टॉकचे टप्पे अंदाजे मिनिटांसह लिहा, कोणता डेमो दाखवणार ते सांगा, तो बंद पडला तर काय करणार तेही सांगा. शेवटचे उत्तर गुपित ठेवण्याचा मोह श्रोत्यांसाठीच्या सारांशात चालेल, पण समितीपुढे तो अजिबात करू नका. जे उत्तर आम्हाला दिसत नाही, ते वक्त्याकडे आहे असे आम्ही गृहीत धरू शकत नाही.

पहिल्यांदा बोलणाऱ्याला संधी मिळते का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नसला तरी तो मनात असणार. अनेक ठिकाणी पहिल्या फेरीत नाव आणि कंपनी झाकून प्रस्ताव वाचले जातात. बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयू या जावास्क्रिप्ट कॉन्फरन्सने २०१२ साली अशी निनावी निवड केली, त्याआधी स्त्रियांना प्रस्ताव पाठवण्याचे आवर्जून आवाहन केले, आणि त्या वर्षी वक्त्यांमध्ये एक चतुर्थांश स्त्रिया होत्या. २०११ साली बेंगळुरूत सुरू झालेल्या जेएसफू या जावास्क्रिप्ट कॉन्फरन्सचे संयोजक हॅसगीक यांनी वेगळा मार्ग धरला. तिथे प्रस्ताव सर्वांना दिसतील असे मांडले जात, त्यावर लोक प्रश्न विचारत, आणि वक्त्याकडून छोटा परिचयात्मक व्हिडिओही मागितला जाई. माझा कल निनावी पद्धतीकडे आहे, परंतु उघड्या पद्धतीतही एक मोठा लाभ आहे: लोकांचे प्रश्न वाचून प्रस्ताव सुधारता येतो. ते जुने प्रस्ताव आणि त्यांवरच्या प्रतिक्रिया शोधून वाचा, प्रस्तावलेखनाचे त्याहून चांगले शिक्षण मला तरी ठाऊक नाही.

उत्तर: नाशिक_वर्डप्रेस

संयोजकांनी विषयाबद्दल जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे, मात्र पहिलाच टॉक मोठ्या कॉन्फरन्ससाठी पाठवावा या मताची मी नाही. तुमचा विषय मराठीतून सुचलेला आहे, उदाहरणे मराठी आहेत आणि ज्यांना तो उद्याच उपयोगी पडेल असे पुष्कळ लोक महाराष्ट्रातच आहेत, तेव्हा तो आधी मराठीतूनच मांडून पाहा. वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या साधनाच्या वापरकर्त्यांचे संमेलन, हे त्यासाठी योग्य ठिकाण आहे. पहिला वर्डकॅम्प २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला आणि पुढे ती पद्धत गावोगावी गेली. आपल्याकडे मुंबई आणि पुण्याबरोबरच नाशिक, नागपूर आणि तुमच्या कोल्हापुरातही वर्डकॅम्प झालेले आहेत, आणि २०२६ च्या वर्डकॅम्प एशियासाठी तर मुंबईची निवड झाली. अशा ठिकाणी नामवंत वक्त्यापेक्षा स्थानिक माणसाला प्राधान्य देण्याची रीत आहे. टॉकमध्ये आपल्या उत्पादनाची जाहिरात चालत नाही, आणि तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवलेले असल्यामुळे विद्यार्थीही मोठ्या संख्येने येतात. वक्त्याला मानधन किंवा प्रवासखर्च मात्र मिळत नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

इंग्रजीबद्दल मला मनापासून सांगायचे आहे, कारण याच कारणामुळे थांबलेल्या अनेक हुशार मुली मी पाहिल्या आहेत. श्रोत्यांना तुमचे उच्चार लक्षात राहत नाहीत, पण तुम्ही वाक्य वाचून दाखवत आहात की समजावून सांगत आहात, हे मात्र त्यांना तत्काळ कळते. त्यामुळे संपूर्ण संहिता पाठ करू नका. प्रत्येक स्लाईडवरचे पहिले वाक्य आणि पुढच्या स्लाईडकडे नेणारे वाक्य एवढी दोनच पक्की करा, मधले मोकळेपणाने बोला, आणि अडखळलात तर क्षणभर थांबून पुढे चला. सराव मोठ्याने आणि उभे राहून करा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐका. मनातल्या मनात केलेल्या सरावात वेळेचा अंदाज हटकून चुकतो. ज्या कॉन्फरन्समध्ये वक्त्याचे बोलणे पडद्यावर थेट मथळ्यांच्या रूपात लिहून दाखवतात, तिथे आपल्या टॉकमधील विशेष शब्दांची यादी मथळे टंकणाऱ्यांना आधी पाठवून द्या, त्यांना फार मदत होते.

स्लाईडविषयी थोडेसे. कोड आठ-दहा ओळींपेक्षा अधिक दाखवू नका, आणि मागच्या रांगेतून वाचता येईल एवढा टंक ठेवा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील कॉन्ट्रास्ट वेबच्या सुलभता-निकषांप्रमाणे किमान ४.५ : १ असावा. हा निकष वेबपृष्ठांसाठी असला तरी फिक्या प्रोजेक्टरवर त्याची गरज अधिकच भासते. तुमच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागेल: सभागृहातील दुसऱ्या लॅपटॉपवर स्लाईड चालवाव्या लागल्या आणि त्यात तुमचा देवनागरी फाँट नसला, तर तुम्ही ज्या फरकाबद्दल बोलणार आहात तोच पडद्यावर दिसणार नाही. म्हणून पीडीएफ प्रत आणि डेमोचे ध्वनिचित्रमुद्रण जवळ ठेवा. सभागृहातील वायफायवर डेमो अवलंबून ठेवू नका.

उत्तर: बर्लिनची_अभियंता

मी पुण्याची असून सध्या जर्मनीत ब्राउझरशी संबंधित काम करते. परदेशी कॉन्फरन्सचा विचार तुम्ही अजून केलेला नसेल, पण हा विषय भारताबाहेरही ऐकला जाईल याची मला खात्री वाटते, म्हणून लिहिते. ‘श्रीकृष्ण’ या तुमच्या उदाहरणाचे पुढचे पाऊल इथल्या लोकांना चकित करील. जावास्क्रिप्टच्या इंटल या भाषाविषयक भागातील सेगमेंटर हे साधन शब्दाचे वाचकाला दिसणारे घटक मोजून देण्यासाठी आहे, पण यूनिकोड १५.१ च्या आधीचा नियम पाळणाऱ्या यंत्रणेत ते या नावाचे पाच भाग पाडते, आणि जोडाक्षरे न तोडण्याचा नवा नियम पाळणाऱ्या यंत्रणेत तीन. एकाच फॉर्मवर, एकाच नावासाठी, ब्राउझरच्या आवृत्तीनुसार वेगळा आकडा येणे ही ज्यांनी आयुष्यभर लॅटिन लिपीतच काम केले त्यांना ठाऊक नसलेली गोष्ट आहे.

प्रत्यक्ष जाण्याने काय मिळते, याचे उत्तरही इथेच आहे. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही देवनागरी अक्षरांची पडद्यावरची जुळणी हार्फबझ या मुक्त लायब्ररीकडून करून घेतात, आणि असे भाग सांभाळणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी कॉन्फरन्सला येत असतो. तुमच्या टिपणांतील एखादी त्रुटी ब्राउझरमधली असेल, तर ती दाखवणारे चार ओळींचे पान फोनवर तयार ठेवून चहाच्या वेळी त्या व्यक्तीला दाखवणे, आणि त्यानंतर ब्राउझरच्या प्रकल्पाकडे त्या त्रुटीची रीतसर नोंद करणे, हा मार्ग मला फार परिणामकारक वाटतो. नोंद तुम्ही घरी बसूनही करू शकता, पण ही अडचण रोज किती लोकांना येते हे समोरच्याला तुमच्याकडून ऐकून समजते, आणि ते नोंदीच्या तक्त्यात कुठेच लिहिलेले नसते.

खर्च आणि व्हिसा यांबद्दल. परदेशातील अनेक कॉन्फरन्स वक्त्याचा प्रवास आणि निवास देतात, काही मानधनही देतात, परंतु हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते आणि बहुधा प्रस्ताव मागवतानाच लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर प्रस्ताव पाठवण्याआधी निःसंकोच विचारा. पैसे नंतर परत मिळतील असे सांगितले, तर तिकीट त्यांनीच काढून द्यावे अशी विनंती करा, कारण लहान कंपनीतील माणसाला एवढी रक्कम काही महिने अडकवून ठेवणे परवडत नाही, आणि चांगल्या संयोजकांना हे समजते. शेंगेन (जर्मनीसह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या) व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे लागते. निर्णय साधारणपणे पंधरा दिवसांत होतो, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो, म्हणून निवड झाल्याचे कळताच निमंत्रणपत्र मागून घ्या, आणि त्यावर टॉकचे शीर्षक, तारखा आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहिलेले असावे असा आग्रह धरा. मानधन मिळणार असेल तर त्यासाठी हाच व्हिसा चालतो का, हे दूतावासाकडून लेखी विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट भारतातील टॉकलाही लागू आहे. तुमची उदाहरणे ग्राहकांच्या अर्जांतून आलेली आहेत. एकाही सभासदाचे खरे नाव, खाते किंवा पडद्याचे चित्र स्लाईडवर येता कामा नये, आणि कंपनीची परवानगी तोंडी न घेता ईमेलवर घ्या. टॉकचे ध्वनिचित्रमुद्रण कायम उपलब्ध राहते, त्यामुळे ही परवानगी निवड झाल्यावर नाही, प्रस्ताव पाठवण्याआधीच हवी.

उत्तर: मुंबई_टेस्टर

मी टॉक देत नाही, पण नियमाने ऐकायला जातो, म्हणून श्रोत्याच्या बाजूने थोडे. सगळे टॉक ऐकायचे असा बेत करून गेलात तर संध्याकाळी थकवा येईल आणि हाती फार काही लागणार नाही. जे टॉक नंतर पाहता येतील त्यांतले काही सोडून द्या आणि तो वेळ बाहेर उभ्या असलेल्या लोकांशी बोलण्यात घालवा. जाण्यापूर्वी आपल्या कामातला एक नेमका प्रश्न लिहून ठेवा, कारण ‘तुम्ही काय करता’ या प्रश्नापुढे संभाषण नेण्यासाठी तोच उपयोगी पडतो. तुमच्याकडे तर असे प्रश्न तयारच आहेत.

चुकांविषयी बोलायला कचरू नका, एवढे मात्र आवर्जून सांगेन. रायन डाल यांनी २००९ साली बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयूमध्ये नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) प्रथम मांडले, आणि २०१८ साली त्याच कॉन्फरन्समध्ये नोडच्या रचनेतील ज्या गोष्टींची खंत वाटते त्या एकेक करून सांगितल्या व शेवटी डेनो या त्याच प्रकारच्या नव्या साधनाची ओळख करून दिली. तो दुसरा टॉक मला पहिल्याहून मोलाचा वाटतो, कारण कोणता निर्णय का चुकला हे त्या निर्णयाचा कर्ता स्वतः तपशिलाने सांगतो, असे आपल्या क्षेत्रात क्वचित घडते. तुमचे नॉर्मलाइझ अपुरे पडले, तो भाग घाईने उरकू नका.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: कोल्हापूरचा_फ्रंटएंड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कंपनीकडे परवानगीचा ईमेल पाठवला आहे. संयोजक सरांच्या सूचनेप्रमाणे एकच विषय घेऊन सारांशाचा मसुदा केला आहे, कृपया पाहावा. नाशिकच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी मराठीतून बोलणार असल्याने मसुदाही मराठीतच आहे.

‘युनिकोड ही एक विशाल प्रणाली असून भारतीय भाषांसाठी तिचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. या टॉकमध्ये आपण देवनागरी मजकुराच्या शोधातील विविध आव्हाने आणि त्यांवरील उपाय पाहू. एकच गाव तीन प्रकारे टंकले गेल्यामुळे सभासदांच्या यादीत शोध कसा फसतो, नॉर्मलाइझ केल्यावरही तो का फसतो, आणि मूळ माहितीला हात न लावता शोधासाठी वेगळा रकाना ठेवून आम्ही हा प्रश्न कसा सोडवला, हे प्रत्यक्ष डेमोसह दाखवले जाईल.’

उत्तर: पुणे_संयोजक

पहिली दोन वाक्ये काढून टाका. ती कोणत्याही टॉकला लावता येतील, त्यामुळे ती तुमच्या टॉकबद्दल काहीच सांगत नाहीत. तिसरे वाक्य उत्तम आहे, त्यानेच सुरुवात करा आणि गावाचे नाव तिथेच लिहा. ‘मूळ माहितीला हात न लावता’ हा या टॉकमधला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि त्याचे कारण सारांशात यायला हवे: सभासदाने आपले नाव जसे लिहिले तसेच ते पासबुकावर छापले गेले पाहिजे, म्हणून साठवलेला मजकूर न बदलता शोधापुरते एकरूप केलेले रूप बाजूला ठेवले. श्रोत्याला यातून आपल्या प्रकल्पात नेण्यासारखा विचार मिळतो.

समितीसाठीच्या तपशिलात दोन प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवा, कारण ते विचारले जाणारच. शोधासाठीच्या रकान्यात शून्य रुंदीचा जोडक सरसकट काढून टाकला, तर ‘र’ आणि हलन्त एवढेच उरते आणि त्याचा रफार होतो, मग ‘ऱ्ह’ आणि ‘र्ह’ यांतला भेद शोधापुरता पुसला जातो. तुम्ही तो मुद्दाम पुसला की राखला, आणि का, हे सांगा. दुसरा प्रश्न जुन्या नोंदींचा आहे: आधीपासून साठवलेल्या सभासदांसाठी हा रकाना कसा भरला आणि त्या काळात संस्थेचे काम चालू राहिले का. या दोन्हींवर तुमच्याकडे टिपणे असतीलच. मसुदा पुन्हा येथे टाका, मी आणि ताई दोघेही वाचू.